सातवा अर्ज

पाकिटावरचं अक्षर पाहून मला क्षणभर वाटलं, हे पत्र मीच मला लिहिलं आहे. 'अ'ची मान किंचित मागे, काना सरळ खाली उतरून टोकाशी जरा थांबलेला, शब्द संपल्यावरही केसभर पुढे गेलेली शिरोरेघ. हे वळण माझं. पोस्टमन अंगणात उभा राहून घाम पुसत होता.

"शिरोड्याहून आहे, मास्तर. कोण तुमचं तिकडे?"

"विद्यार्थिनी आहे जुनी."

"अजून पत्र लिहिते? नशीबवान आहात."

ही जानेवारी १९८७ची गोष्ट. पत्र द्वारकाचं होतं. मी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे उतारूंसाठी बांधलेल्या ओवऱ्यांत, मराठी शिकवायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी अकरा मुलगे होते आणि ही एकटी मुलगी, धाकट्या भावाला पोचवायला यायची आणि दारात बसून त्याच्याआधी शिकायची. पत्र एकाच पानाचं होतं.

'ती. मास्तरांस द्वारकाचा सा. नमस्कार. डिसेंबरात शाळेतल्या कार्यक्रमाला मी आले होते, मागे बसले होते. तुम्ही व्यासपीठावर होता. तुमच्या मागे भिंतीवर काचेत पत्रक लावलंय आणि खाली लिहिलंय, हुतात्मा सगुण परब यांचे हस्ताक्षर. मास्तर, आमचा सगुण डावखुरा होता. माझ्याजवळ त्याची एकच चिठ्ठी आहे, आई गेली त्या दिवशीची. ती चिठ्ठी आणि ते काचेतलं अक्षर एका माणसाचं नाही. तुम्हाला ते कळलं नसेल असं मी कसं म्हणू? पत्रक कोणी लिहिलं तेवढं सांगा. मला कोणाशी भांडायचं नाही. तो कशासाठी गेला ते मला माहीत आहे. कोणाऐवजी गेला ते माहीत नाही.'

मी ते पत्र शब्दकोशात ठेवलं. उत्तर आठवड्याभरात लिहीन असं ठरवलं होतं. अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत उत्तराची सुरुवात मी कितीदा केली ते मोजलेलं नाही. 'चि. द्वारकास अनेक आशीर्वाद' इथपर्यंत पेन नीट चालायचं. मी भित्रा माणूस आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणी मला दोष देत नाही. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला लोक तेवढी सूट देतात. पुढे लिहितो आहे त्यातही मी कुठे काही गाळत नाही ना, याची मला पुरती खात्री नाही.

आमचं केळंबे तेरेखोल नदीच्या अलीकडच्या काठावर. पलीकडचा काठ १९४७ साली स्वतंत्र झाला, आमचा पोर्तुगिजांकडेच राहिला. घरात आम्ही कोकणी बोलायचो, लिहायचो मराठी, आणि सरकारात काही मागायचं तर ते पोर्तुगीजमध्येच मागावं लागे. गावात पोर्तुगीज लिहिता येणारा मी एकटा. त्यामुळे शाळा सुटल्यावर सातेरीच्या देवळातल्या मंडपात मी लोकांचे अर्ज लिहायचो. आधी मराठीत खर्डा करायचा, तो वाचून दाखवायचा, सगळ्यांनी माना डोलावल्या की घरी जाऊन शब्दकोश उघडून त्याचं पोर्तुगीज करायचं. शेवटी एक ठरलेली ओळ असे. तिचा अर्थ, 'कृपेची अपेक्षा आहे.' ती नसली तर अर्ज तपासायलासुद्धा घेत नसत.

पहिला अर्ज पुरसो नाईकाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा. तेव्हा लग्नाची पत्रिकासुद्धा सरकारला दाखवून मग छापायची असे. पुरसोची पत्रिका तपासून आली तोवर लग्नाला तीन महिने झाले होते.

"मास्तर, पोरीला दिवस गेले, आता पत्रिका आली," पुरसो म्हणाला. "आणि हे बघा, नवऱ्या मुलाच्या मामाला खोडलाय!"

"मामा कुठला?"

"सावंतवाडीचा."

"मग बरोबर आहे. परक्या मुलखातला मामा."

"अहो, मामा लग्नात चार पुरणपोळ्या खाऊन गेला. आता कुठून खोडतील त्याला?"

मंडपात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग मी अर्ज लिहिला की, पत्रिका तपासण्यास विलंब होऊ नये. उत्तर आलं नाही.

पुढचा अर्ज जत्रेत ढोल वाजवण्याच्या परवान्याचा. मग डोंगरावरचं गवत कापायला बंदी झाली त्याचा. चौथा रस्त्याच्या फुकट मजुरीचा. पाचवा माझ्याच शाळेच्या परवान्याचा, तो लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. दर अर्जाला लोक थोडे कमी हसत. पाचवा वाचून दाखवला तेव्हा कोणीच हसलं नाही. मंडपाच्या खांबाला टेकून सगुण उभा होता, तो म्हणाला, "मास्तर, शेवटची ओळ परत वाचा."

"कृपेची अपेक्षा आहे."

"पाच वेळा केली ना अपेक्षा?"

सगुण तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तरीवर होडी चालवायचा. माझ्या शाळेत तो दोनच वर्षं होता. डाव्या हातानं लिहायचा आणि मला ते चालत नसे. माझ्या वडिलांना चालत नव्हतं म्हणून मलाही चालत नव्हतं. पाटीवर मी कित्ता घालून द्यायचा, मुलांनी तो गिरवायचा, अशी आमची पद्धत. तीन-चार वर्षं गिरवल्यावर प्रत्येकाचं अक्षर माझ्यासारखं होई, आणि माझं वडिलांसारखं होतं. याचा मला अभिमान होता. सगुणची अक्षरं मात्र वाऱ्यात सापडल्यासारखी डावीकडे कललेली. मी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर रूळ मारायचो. तो हात मागे घेत नसे. बोटं सुजली की दुसऱ्या दिवशी त्याच सुजलेल्या बोटांत पेन्सिल धरून यायचा. शेवटी तो यायचाच थांबला. द्वारका पुढे शिकली आणि लग्न होऊन पलीकडे शिरोड्याला गेली.

सहावा अर्ज त्यांच्या आईचा.

म्हातारीच्या पोटात गाठ झाली होती. तालुक्याचा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, आणि पलीकडे शिरोड्याला लेकीच्या घराशेजारीच डॉक्टर. पण त्या वर्षी नदी ओलांडायला पास लागायला लागला. होड्यांची वल्ही रोज संध्याकाळी चौकीवर जमा करावी लागत.

"आज भरती आहे," सगुण म्हणाला. "एक वल्हं मी लपवून ठेवलंय. दिवस मावळताना निघालो तर अर्ध्या तासात पलीकडे."

"आणि गोळी आली म्हणजे?" मी विचारलं. "आजारी बाई होडीत, गोळी कुठून चुकवशील? आपण अर्ज करू. आजारपणाचा अर्ज अडवणार नाहीत. शेवटी माणसंच आहेत ती."

"हे तुम्ही पोर्तुगीज चांगलं येतं म्हणून सांगताय, की खरंच वाटतंय तुम्हाला?"

"खरंच वाटतंय."

म्हातारी घोंगडीवर पडून ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तर सांगतात तर ऐक रे, बाबा. ते वाचलेले आहेत."

तो अर्ज मी फार मन लावून लिहिला. पाचव्या दिवशी म्हातारी गेली. बाराव्यानंतर आणखी दोन दिवसांनी सगुण शाळेत आला, भर दुपारी, मुलं पाढे म्हणत असताना. त्यानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर शिक्का होता.

"पास आलाय, मास्तर. आता नेऊ का आईला?"

मी मुलांना सुट्टी दिली. तो बाकावर बसला. लहानपणी बसायचा त्याच बाकावर, गुडघे आता टेबलाच्या वर येत होते.

"खर्डे ठेवलेत तुम्ही?" त्यानं विचारलं.

"सहाही आहेत."

"मराठीत?"

"खर्डे मराठीतच असतात."

"मग सातवा मराठीतच राहू दे. पोर्तुगीज करू नका."

"कोणाच्या नावे?"

"गावाच्या," तो म्हणाला.

मी कपाट उघडलं आणि खर्डे बाहेर काढले.

मार्च १९५५. शिगमो नुकताच झाला होता. एका सकाळी गाव उठलं तेव्हा अकरा ठिकाणी हातानं लिहिलेली पत्रकं चिकटवलेली होती. जकात नाक्याच्या दारावर, तरीच्या धक्क्यावर, रेजिदोरच्या, म्हणजे सरकारनं नेमलेल्या आमच्या गावप्रमुखाच्या गोठ्यावरसुद्धा. मजकूर लहान होता.

'लग्नाची पत्रिका विचारून छापायची. देवीचे ढोल विचारून वाजवायचे. आपल्या डोंगरावरचं गवत विचारून कापायचं. रस्त्यावर फुकट राबायचं. आपल्या पोरांना आपली अक्षरं विचारून शिकवायची. मरणाऱ्या आईला विचारून डॉक्टरकडे न्यायचं. सहा अर्ज केले. यापुढे अर्ज नाही.'

तीन दिवसांनी जकात नाक्यावर हल्ला झाला. काटेरी तार तोडून माणसं आत शिरली, दोन बंदुका गेल्या. एक पहारेकरी मेला. तो गोरा नव्हता, आमच्याच तालुक्यातला होता. त्याला दोन मुलं होती असं मी नंतर ऐकलं.

शुक्रवारी सकाळी गावाला वेढा पडला. पाखले, म्हणजे गोरे शिपाई, घराघरांत शिरले आणि मराठी लिहिता येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला शाळेत घेऊन आले. सतराजण निघाले. ते सगळे माझे नाहीतर माझ्या वडिलांचे विद्यार्थी. सगुण शेवटच्या बाकावर होता, खांद्यावरच्या पंचात उजवा हात गुंडाळून.

पोलिसांचा शेफ, म्हणजे त्यांचा प्रमुख, माझ्या खुर्चीत बसला. बारीक, नीटनेटका माणूस. चष्मा पुसत पुसत बोलायचा. त्यानं पत्रक माझ्यापुढे ठेवलं.

"वाच, प्रोफेसोर. पोर्तुगीजमध्ये सांग."

मी सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं लिहिलंय?"

"बरं आहे."

"लिहिणारा शिकलेला वाटतो?"

"बेताचाच," मी म्हणालो.

"शेवटच्या दोन ओळी यांना घाल. मी बघतो."

म्हणून मी रोजच्यासारखं श्रुतलेखन घातलं. "सहा अर्ज केले," मी म्हणालो, आणि सतरा माणसांनी माना खाली घातल्या. "यापुढे अर्ज नाही." पुरसोची जीभ लहानपणीसारखी ओठाबाहेर आली होती. मी बाकांमधून फिरलो. सवयीनं एकाला म्हणालो, "ताठ बस." एक शिपाई हसला.

शेफनं सतरा कागद टेबलावर मांडले आणि मध्ये पत्रक ठेवलं. बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याचा आवाज चढला.

"माझी चेष्टा चाललीय? एकाच माणसानं सतरा वेळा लिहिलंय हे!"

"कित्त्यामुळे," मी म्हणालो आणि आमची पद्धत समजावून सांगितली.

"म्हणजे तू सगळ्या गावाला एकच हात दिलास."

"सोळा जणांना," मी म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळत नाही. बहुधा शिक्षकाला चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

त्यानं पुन्हा पाहिलं आणि एक कागद उचलला. अक्षरं डावीकडे कललेली, काने वाकडे. "खरंच की. हा कोण? हा नाही. ह्याला सोडा. बाहेर पाणी भरायला लावा."

सगुण उठला आणि बाहेर गेला. सर्वांत आधी तो सुटला.

"आता सोळा," शेफ म्हणाला. "तू त्यांचा मास्तर. बाप मुलाचा खोकला ओळखतो, तू अक्षर ओळखशील. यातलं कोणाचं?"

"मला सांगता येत नाही."

"संध्याकाळपर्यंत येईल. नाही आलं तर सोळाही ठाण्यावर, आणि तिथे कोणीतरी सांगेलच." मग तो माझ्याकडे पाहून हसला. "घाबरू नकोस. तू त्यांच्यात नाहीस. तुझे सहाही अर्ज मी वाचलेत. फार सुरेख पोर्तुगीज. शेवटी कृपेची अपेक्षा करणारा माणूस असलं काही लिहीत नाही."

पाणी पिऊन येतो म्हणालो. त्यानं हातानंच जा म्हटलं.

विहीर शाळेच्या मागे. सगुण एका हातानं रहाट ओढत होता, शिपाई लांब सावलीत बसले होते. मी ओंजळ पुढे केली. त्यानं डाव्या हातानं पाणी ओतलं.

"मी सांगतो त्याला," मी म्हणालो. "पत्रक मी लिहिलं म्हणून सांगतो. अकराही माझी आहेत. सोळा माणसं माझ्यामुळे..."

"हळू बोला. पाणी प्या."

"सगुण, मी सांगणार."

"सांगाल. मग तो विचारेल, चिकटवली कोणी? बंदुका कुठे?"

"ते मी नाही सांगणार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. देवीची लस टोचायला आले होते, तेव्हा सुई बघून तुम्हाला घेरी आली होती. आम्ही पोरांनी उचलून ओट्यावर ठेवलं होतं तुम्हाला. आठवतं?"

"आठवतं."

"तासभरही टिकणार नाही तुम्ही. आणि नाक्यावर माझ्याबरोबर होते त्या चौघांची नावं तुम्हाला माहीत आहेत. ते अजून अलीकडेच आहेत, डोंगरात. नदीवर गस्त आहे. निसटायला त्यांना तीन-चार दिवस तरी हवेत."

"आणि तू टिकशील?"

त्यानं रहाट सोडला आणि डावा हात माझ्यापुढे धरला. बोटांची पेरं जाड झालेली, एक मधलं बोट वाकडं.

"मला सवय आहे," तो म्हणाला. "तुम्हीच लावलीत." आणि हसला. टोमणा मारल्यावर गावातली पोरं हसतात तसं. माझ्या ओंजळीतलं पाणी केव्हाच गळून गेलं होतं.

"तो तुम्हाला विचारेल, अक्षर याचं का म्हणून. तेव्हा हो म्हणा. एवढं जमेल ना?"

तो माझ्याआधी वर्गात शिरला. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं, त्यामुळे त्यानं जे जे सांगितलं ते सगळं मलाच शेफला सांगावं लागलं.

"याला सांगा, पत्रक माझं आहे."

मी सांगितलं.

शेफनं त्याचा वाकडा कागद उचलला. "हे अक्षर आणि ते अक्षर? मी आंधळा आहे का?"

सगुणनं पंचातून उजवा हात काढला आणि चिंधी सोडली. तळव्यावर आडवी, खोल जखम होती, कडेनं काळी पडलेली. "तारेनं कापला. नाक्याच्या. म्हणून आज डाव्यानं लिहिलं. पत्रक उजव्याचं आहे."

हे भाषांतर करायची गरजच पडली नाही. शेफ उठून उभा राहिला. काटेरी तारेची जखम त्यानं कदाचित आधी पाहिली असेल. दोन शिपायांनी सगुणचे दंड धरले. सोळाजण बाकांवर तसेच बसून होते. पुरसो तोंडात पंचा कोंबून बसला होता.

"प्रोफेसोर," शेफ म्हणाला, "हा तुझा विद्यार्थी?"

"हो."

"उजवा हात धड असताना हा या पत्रकासारखं लिहितो?"

सगुण माझ्याकडे पाहत नव्हता. तो फळ्याकडे पाहत होता. त्यावर आदल्या दिवशीचा कित्ता तसाच होता.

"हो," मी म्हणालो. "हे त्याचंच अक्षर आहे. मीच शिकवलंय."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. पोर्तुगीजमध्ये पाच ओळी, एकही चूक नाही. सही करून कागद पुढे सरकवला. शेफनं वाचला आणि तो मोठ्यानं हसला. मग माझंच पेन घेऊन त्यानं शेवटची ओळ खोडली. हाताच्या सवयीनं मी खाली लिहून गेलो होतो, 'कृपेची अपेक्षा आहे.'

सोळाजणांना त्याच दुपारी सोडलं. सगुणला जीपमध्ये बसवलं तेव्हा मी शाळेच्या दारात उभा होतो. त्यानं मागे वळून पाहिलं की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मी खाली पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी चौघे नदी पार झाले. चौथ्या दिवशी रेजिदोरकडे निरोप आला की, सगुण परब तापानं मेला. प्रेत दिलं नाही. चौघांतला एकही पकडला गेला नाही, म्हणजे त्यानं एकही नाव सांगितलं नव्हतं. त्या चौघांपैकी दोघे पुढे मारले गेले, दोघे एकसष्ट साली बंदुका घेऊन परत आले. शाळेचा परवाना जूनमध्ये रद्द झाला. कोणी अर्ज कर म्हणालं नाही आणि मीही केला नाही.

मुक्तीनंतर शाळा पुन्हा उघडली, मोठी झाली. पंचविसाव्या वर्षी नव्या हेडमास्तरांनी जुन्या सरकारी दप्तरांत शोध घेतला. त्यांना पत्रक सापडलं आणि त्याला टाचलेली माझी जबानीही सापडली. ते धावत माझ्याकडे आले.

"मास्तर, तुम्ही कधी बोलला नाहीत! त्याचं अक्षर तुम्ही दिलेलं! केवढी मोठी गोष्ट आहे ही."

"तशी मोठी नाही," मी म्हणालो.

"हा तुमचा विनय झाला."

त्यांनी पत्रक काचेत लावलं आणि मला व्यासपीठावर बसवलं, हुतात्म्याचे गुरू म्हणून. नारळ, शाल. मी नको म्हणालो होतो, पण माझं नको हे लोकांना कधी ऐकू जात नाही, आणि मी ते दुसऱ्यांदा म्हणत नाही. त्यानंतर दर डिसेंबरात मी त्या खुर्चीत बसत आलो. द्वारका दर वर्षी यायची, शेवटच्या रांगेत बसायची, माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत राहायची. कार्यक्रम संपला की निघून जायची. पुन्हा तिनं पत्र लिहिलं नाही. एकदा पायरीवर समोरासमोर आलो.

"बरे आहात, मास्तर?"

"बरा आहे. तू?"

"बरी आहे."

ती क्षणभर थांबली. मी छत्री उघडायला लागलो. ऊन होतं, तरी उघडली.

गेल्या डिसेंबरात ती आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, गुडघे गेले, अंथरुणावर असते, डोळे मात्र शाबूत आहेत. आणि माझा हात गेल्या पावसाळ्यापासून थरथरायला लागला आहे. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल. परवा किराणा सामानाची यादी लिहिली, तर दुकानदारानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मास्तर, ही कोणी लिहिली?"

घरी आलो आणि शब्दकोशातून तिचं पत्र काढलं. अकरा वर्षांत कागदाला पिवळेपणा आला होता, अक्षर तसंच होतं. मला एवढंच सुचलं की, मी शब्दांत काहीही सांगितलं तरी ते एका भित्र्या म्हाताऱ्याचं म्हणणं ठरेल. तिला अक्षर कळतं. ते अजून माझं आहे तोवर लिहायला हवं.

सकाळची वेळ निवडली, तेव्हा हात कमी हलतो. मनगटाखाली शब्दकोश ठेवला. आणि पत्रकातला मजकूर पहिल्यापासून लिहून काढला. लग्नाची पत्रिका, देवीचे ढोल, गवत, रस्ता, अक्षरं, आई. एकही शब्द आठवावा लागला नाही. दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर काने थोडे कापरे आले, पण शिरोरेघ शब्द संपल्यावर केसभर पुढे गेली होती. 'यापुढे अर्ज नाही.'

त्याखाली लिहिलं:

'चि. द्वारकास, हे काचेतल्या अक्षराशी ताडून बघ. तो माझ्याऐवजी गेला. मी सांगतो म्हणालो होतो, पण त्यानं नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही तुला कळायला हवं. नदी ओलांडू नकोस, अर्ज कर, असं तुझ्या आईच्या वेळी मीच त्याला सांगितलं होतं. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट मी रूळ मारून वाकडं केलं होतं. त्याची चिठ्ठी हेडमास्तरांना दाखव आणि हे पत्रही दाखव. भिंतीवर ती चिठ्ठी लावायला सांग. दत्ताराम केंकरे.'

पाकीट चिकटवण्याआधी कागद पुन्हा उघडून शेवटची ओळ पाहिली. सहीच्या खाली सवयीनं काही लिहिलं गेलेलं नव्हतं. चिकटवल्यावर शंका आली, म्हणून पाकीट फोडून आणखी एकदा पाहिलं. दुसरं पाकीट घेतलं, पत्ता घातला आणि तिकीट लावलं.

पोस्टाची पेटी तरीच्या धक्क्यावर आहे. आता तिथे पूल झाला आहे, होड्या नाहीत. पाकीट फटीत घालताना हात इतका हलायला लागला की ते दोनदा कडेला आपटलं. शेवटी डाव्या हातानं उजवा धरला आणि सोडून दिलं.